प्रत्येक पार्ट चांगला, तरी संगणक सुरू होईना: सुटे भाग जुळवायचे कसे?

माझी भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि घरचा जुना लॅपटॉप स्केचअप हे थ्रीडी आराखड्यांचं सॉफ्टवेअर उघडतानाच धापा टाकू लागला. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग घेऊन जोडलेला पीसी घ्यायचं ठरलं. तिने यूट्यूबवरचे चार-पाच व्हिडिओ पाहून स्वतःच यादी तयार केली आणि रात्री मला पाठवली. "मामा, एकदा नजर टाक ना, उद्या ऑर्डर करतेय."

यादी अशी होती: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची १६ जीबीची एक स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीचा एसएसडी, १६० मिलिमीटर उंचीचा टॉवर कूलर, एक छोटं देखणं कॅबिनेट आणि "कुठलाही ५०० वॉटचा" एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

यातली एकेक वस्तू घेतली तर नाव ठेवायला जागा नव्हती. बी५५० बोर्ड उत्तम आहे, रायझन ५ ७६०० उत्तम आहे, पण ही दोन्ही पार्सलं घरी आली असती तर प्रोसेसर बोर्डावर बसलाच नसता. बसला असता तरी त्यावरचा कूलर कॅबिनेटच्या झाकणाबाहेर आला असता.

सुटे भाग "कम्पॅटिबल" आहेत का, हा प्रश्न खरं तर तीन प्रश्न मिळून होतो. पहिला, हा भाग त्या जागी बसतो का? दुसरा, बसल्यावर मशीन सुरू होतं का? तिसरा, सुरू झाल्यावर आपण मोजलेले सगळे पैसे वसूल होतील इतक्या ताकदीने तो चालतो का? बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर थांबतात. दुसऱ्यात दिवस वाया जातात, आणि तिसऱ्यात पैसे वाया जातात तेही वर्षानुवर्षं, कारण मशीन चालू असतं म्हणून कुणाला संशयच येत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर ज्या चौकोनी जागेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट तिच्या रायझन प्रोसेसरच्या पहिल्या पिढीबरोबर २०१७ मध्ये दुकानांत आलं. त्यात १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर एएम५ आलं. इथे पिना मदरबोर्डवर गेल्या आणि संख्या झाली १७१८. भाचीचा ७६०० एएम५चा, तर बी५५० बोर्ड एएम४चा. तिथे तडजोडीला वावच नाही.

इंटेलच्या सॉकेटच्या नावातच पिनांची संख्या असते. १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० मध्ये बसतात. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतं.

पण आकडा जुळला म्हणून काम झालं असं समजू नका. २०१७ मध्ये इंटेलच्या ८व्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा सॉकेट तेच होतं, एलजीए ११५१. प्रोसेसर आधीच्या २०० मालिकेच्या बोर्डवर व्यवस्थित बसायचा, पण चालायचा नाही, कारण इंटेलने त्याला नवा ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला होता. म्हणून सॉकेटवर विसंबू नका. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. तिच्यात आपल्या प्रोसेसरचं नाव शोधा. नावापुढे बायोसची एक आवृत्ती लिहिलेली असते आणि ती वाचणं नावाइतकंच गरजेचं आहे.

बायोस म्हणजे मदरबोर्डच्या एका चिपवर असलेला छोटा प्रोग्रॅम. वीज आली की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि "समोर कोण बसलंय" हे ओळखतो. बोर्ड कारखान्यातून निघाला त्यानंतर प्रोसेसर बाजारात आला असेल, तर बायोस त्याला ओळखत नाही. एका मित्राच्या ऑफिससाठी मी बी४५० बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर लावला होता. बोर्ड २०१८च्या जमान्यातला, प्रोसेसर २०२०च्या शेवटाचा. पंखे फिरत होते, दिवे लागत होते, डिस्प्ले मात्र येत नव्हता. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, सगळा दिवस गेला. अखेर दुकानातून जुना प्रोसेसर तासाभरासाठी आणला, तो लावून बायोस अपडेट केला आणि मग आमचा प्रोसेसर पहिल्या झटक्यात चालला. एकही भाग खराब नव्हता.

तेव्हापासून मी बोर्ड घेताना मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते आधी पाहतो. ते असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. थोडे पैसे जास्त गेले तरी मला ते पटतात.

आता भाचीपुढे दोन रस्ते होते. बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून प्रोसेसर एएम४चा, म्हणजे रायझन ५ ५६०० घ्यायचा, किंवा प्रोसेसर तोच ठेवून बोर्ड आणि रॅम बदलायची. पहिला रस्ता स्वस्त होता आणि तो चुकीचाही नव्हता. कुणाच्या घरी चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर मी तोच सुचवीन. पण तिचा कोर्स पाच वर्षांचा आहे. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. म्हणजे चौथ्या वर्षाला मोठे प्रोजेक्ट आले की बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. आम्ही बी६५० चिपसेटचा बोर्ड घेतला.

इंटेलवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. नावाच्या शेवटी "के" असलेला महागडा प्रोसेसर घेऊन तो एच६१०च्या सगळ्यात स्वस्त बोर्डवर बसवणं हे तिसऱ्या प्रश्नात नापास होण्याचं ठळक उदाहरण आहे. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, तर होत नाहीच, शिवाय अशा बोर्डांची प्रोसेसरला वीज पुरवणारी सर्किटं हलकी असतात. ती तापली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. पैसे आय७चे आणि काम आय५चं, असं होऊन बसतं.

रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या स्टिकवर २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखी. फरक मधल्या खाचेच्या जागेत आहे आणि ती खाच मुद्दामच हलवलेली आहे, चुकीची स्टिक बसू नये म्हणून. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ व्होल्टवर. तेव्हा स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, ती आपल्याला काहीतरी सांगत असते. एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीला दोन्ही चालतात, पण बोर्ड एकाच प्रकारचा असतो. बी७६०चे एकाच नावाचे दोन बोर्ड शेजारी शेजारी विकायला असतात आणि फरक फक्त नावाच्या शेवटी "डी४" आहे की नाही एवढाच. ऑनलाइन मागवताना तो शेवट दोनदा वाचा.

एका स्टिकचं काय? १६ जीबीची एक की ८ जीबीच्या दोन, एकूण तर तेवढंच, असं वाटतं. पण प्रोसेसर रॅमशी दोन वाटांनी बोलू शकतो. एकच स्टिक असेल तर एक वाट रिकामी राहते. दोन नळ असताना एकाच नळाखाली हंडा भरत बसावं तसं ते आहे. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. पहिल्या दोन शेजारच्या स्लॉटमध्ये लावलेले पीसी मी इतके पाहिलेत की कुणाच्याही घरी गेलो तर नजर आधी तिथेच जाते.

"आता दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू" हा विचार डीडीआर४पर्यंत शहाणपणाचा होता. डीडीआर५मध्ये तो तपासून घ्यावा लागतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, चार स्टिक भरल्या की तोच ३६००वर येतो. काही जणांकडे यापेक्षा जास्त वेगाने चालतं, पण तो नशिबाचा भाग. म्हणून आम्ही सुरुवातीलाच १६-१६ जीबीच्या दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा संच घेतला, ६००० वेगाचा. मॉडेल नंबर बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत होता, हेही पाहिलं.

डिस्प्ले कुठून येणार?

हा प्रश्न साधा आहे, पण नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो. इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६००मध्येही नसतं, ५६००जीमध्ये असतं. रायझन ७६००मध्ये कामापुरतं आहे. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर घेतला तर वेगळं कार्ड हवंच, आणि मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. भाचीच्या मशीनमध्ये कार्ड आहेच, तरी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सचा एक उपयोग मला मोलाचा वाटतो. सबमिशनच्या आदल्या रात्री कार्ड बिघडलं तर निदान शीट उघडून प्रिंटला पाठवता येतील.

कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या स्लॉटची, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची, पिढी दोघांची वेगळी असली तरी चालतं. नवं कार्ड जुन्या बोर्डवर आणि जुनं नव्यावर, दोन्ही. मात्र स्वस्त कार्डांत या स्लॉटमधून माहिती नेणाऱ्या वाटांची संख्या कमी असते. आरटीएक्स ४०६० सोळापैकी आठच वाटा वापरतं, आणि २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. चौथ्या पिढीच्या बोर्डवर हे खपून जातं. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर त्या चार वाटा कमी पडतात आणि खेळ अडखळतात. जुन्या पीसीत नवं स्वस्त कार्ड टाकणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

एसएसडीबद्दल थोडक्यात. च्युइंगगमच्या पट्टीसारखा दिसणारा एम.२ एसएसडी दोन प्रकारचा असतो, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळपास सारखे, वेगात मात्र एनव्हीएमई खूप पुढे. कुठल्या स्लॉटमध्ये कुठला चालतो ते बोर्डच्या पुस्तिकेत असतं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती मेली असं समजण्याआधी हे पाहा.

कॅबिनेट: मिलिमीटरचा हिशेब

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण कॅबिनेटच्या माहितीत आणखी दोन आकडे असतात, कूलरची कमाल उंची आणि कार्डाची कमाल लांबी. भाचीने पसंत केलेल्या कॅबिनेटमध्ये कूलरसाठी १४० मिलिमीटरच जागा होती आणि कूलर १६०चा. पुढच्या बाजूला वॉटर कूलिंगचा रेडिएटर लावणार असाल तर कार्डाच्या लांबीतून साधारण ५५ मिलिमीटर वजा करा, कारण २७चा रेडिएटर आणि २५चा पंखा तेवढी जागा खातात.

७६००च्या खोक्यात कंपनीचा कूलर मिळतो. नुसतं चालवायचं तर तो पुरतो. पण मे महिन्यात मुंबईत बंद खोलीत रेंडर (आराखड्यावरून खरंखुरं वाटणारं चित्र बनवायचं जड काम) लावल्यावर त्याचा आवाज सहन होत नाही. आम्ही टॉवर कूलर ठेवला आणि कॅबिनेट बदललं. जुना कूलर नव्या बोर्डवर वापरायचा असेल तर तो बोर्डला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या तपासा. एएम४चे बरेच कूलर एएम५वर बसतात. इंटेलने मात्र एलजीए १७००ला भोकांमधलं अंतर ७५वरून ७८ मिलिमीटर केलं, त्यामुळे तिथे नवा किट लागतो.

दिव्यांची हौस असेल तर एकच इशारा. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे, चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टला लावली तर ती जळते.

एसएमपीएस, आणि त्याआधीची वीज

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी कुठलाही भाग चुकला तर तो एकटा वाया जातो. एसएमपीएस चुकला तर तो इतरांना सोबत घेऊन जातो.

आधी गरज काढू. ७६०० जोर लावल्यावर ८८ वॉटपर्यंत घेतो. आरटीएक्स ४०६० ११५ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६०-७० धरू. एकूण २७५च्या आसपास. मग ५०० वॉटचा "कुठलाही" का नको? कारण खोक्यावरचा मोठा आकडा आणि खरी ताकद यांत अंतर असू शकतं. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर किती ते पाहा आणि १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. तिथे २० अँपिअर लिहिलेलं असेल तर खरी ताकद २४० वॉट, वर ५०० छापलेलं असलं तरी. आम्ही ४५ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टवर ५४० वॉट देणारा, ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड ही पदकं दर्जाची नाहीत, वीज किती वाया जाते याची आहेत. ती असावीत, पण त्यांच्यावर भागवू नये. किती वर्षांची वॉरंटी आहे आणि शॉर्ट सर्किट, जादा व्होल्टेज, जादा करंट यांपासून संरक्षण दिलेलं आहे का, हे मी जास्त पाहतो.

कार्डाला वीज दोन ठिकाणांहून मिळते. स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत, आणि वरच्या केबलमधून, सहा पिनांची असेल तर ७५, आठ पिनांची असेल तर १५०. आमच्या ४०६०ला एक आठ पिनांची केबल पुरेशी. प्रोसेसरचीही केबल आठ पिनांची असते, पण तिच्या तारांची मांडणी कार्डाच्या केबलच्या उलट आहे. कार्डाची ६ अधिक २ अशी सुटते, प्रोसेसरची ४ अधिक ४. मोठ्या कार्डांच्या नव्या सोळा पिनांच्या केबलचे कनेक्टर २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०९०वर वितळल्याच्या घटना घडल्या. कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्याचं एक मोठं कारण ठरलं. फट राहता कामा नये.

आता माझ्या घरची गोष्ट. केबल सुट्या करता येतात असा एक मॉड्युलर एसएमपीएस मी बदलला. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवून फक्त नवा डबा जोडला. कनेक्टर बरोबर बसले. बटण दाबलं आणि हार्ड डिस्कमधून जळका वास आला. आईच्या साठीचे फोटो त्या डिस्कवर होते. केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनेतून किती व्होल्ट द्यायचे याला कसलंही समान प्रमाण नाही. कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक ते बदलतं. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबल बदला. हे वाक्य मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार आहे.

यूपीएसचं कुणी बोलत नाही. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. व्हीए म्हणजे वॉट नव्हेत. भाचीचं मशीन आणि मॉनिटर त्यात कसेबसे मावतात, तेही फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरते. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यांची लहर देतात आणि काही आधुनिक एसएमपीएसना ती मानवत नाही, मशीन त्याच क्षणी बंद पडतं. याची खात्री करायची सोपी रीत आहे. पहिल्याच आठवड्यात, महत्त्वाची कुठलीही फाइल उघडी नसताना, रेंडर चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहा. आणि त्या भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे.

खरेदी आणि जोडणी

यादी पीसीपार्टपिकरसारख्या संकेतस्थळावर टाकून पाहिली तर पहिला प्रश्न बऱ्यापैकी सुटतो, बायोसबद्दल सूचनाही मिळते. यूपीएस, भिंतीतली वीज आणि रॅमचे स्लॉट तिथे दिसत नाहीत. आम्ही काही भाग ऑनलाइन घेतले, काही ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. दुकानातून घेण्याचा फायदा असा की कूलर आणि कॅबिनेट शेजारी ठेवून मोजपट्टी लावता येते. जीएसटीचं बिल घ्यावं, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असावा आणि वॉरंटी भारतातली आहे का ते तोंडी नव्हे, लेखी विचारावं. एएम५ बोर्डच्या सॉकेटमधल्या पिना दुकानातच, मोबाइलच्या उजेडात पाहून घ्या. वाकलेली पिन घरी आल्यावर दिसली तर ती कुणी वाकवली यावर वाद होतो.

जोडणी भाचीने स्वतःच्या हाताने केली, मी फक्त स्क्रू धरून बसलो होतो. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. तिचा चेहरा उतरला आणि हात बटणाकडे गेला. "थांब, बंद करू नकोस," मी म्हटलं. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना नव्या रॅमशी जुळवून घेतो. कुठल्या सिग्नलला किती वेळ द्यायचा हे एकेक करून तपासतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. पुष्कळ लोक याच वेळी घाबरून वीज तोडतात आणि चांगला बोर्ड बदलून मागायला दुकानात जातात.

आणखी थोड्या वेळाने कंपनीचं चिन्ह उमटलं. बायोसमध्ये गेलो तर रॅमचा वेग दिसत होता ४८००. आपण ६०००चे पैसे मोजले होते. रॅम सुरुवातीला नेहमी सुरक्षित वेगावर उठते, वरचा वेग आपल्याला मागून घ्यावा लागतो. एएमडीवर त्या पर्यायाला एक्स्पो म्हणतात, इंटेलवर एक्सएमपी. भाचीने तो चालू केला, सेव्ह केलं, मशीन पुन्हा सुरू झालं. पडदा पुन्हा काळा राहिला, पण या वेळी तिने हात मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. ६०००.